हिपॅटायटिस बी लस आणि तरुणांची प्रतिकारशक्ती

जामखेड (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच महिलांना प्रशिक्षण देऊन त्यांनी आरोग्यसेविका घडविल्या. या कार्यासाठी १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लसीकरणात पाठपुरावा करणारे माणूस गावातच असावे लागते, हा जामखेडचा धडा हिपॅटायटिस बीच्या लसीला विशेष लागू पडतो. कारण ही लस सहा महिन्यांत तीन वेळा घ्यावी लागते.

हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणुजन्य आजार आहे. तो रक्त, असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुया तसेच मातेकडून बाळाला होतो. दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गातून यकृताचा सिऱ्हॉसिस वा कर्करोग उद्भवू शकतो.

लसीचे कार्य
लसीत जिवंत विषाणू नसतो. त्याच्या आवरणातील एक प्रथिन यीस्टच्या साह्याने तयार केलेले असते. त्यामुळे लसीने आजार होत नाही. शरीर या प्रथिनाला परके मानून प्रतिपिंडे निर्माण करते. रक्तातील त्यांचे प्रमाण प्रतिमिलिलिटर १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके वा अधिक असल्यास संरक्षण मिळाले, असे मानतात.

तरुणांमधील प्रतिसाद
पहिल्या मात्रेनंतर निरोगी तरुणांपैकी साधारण ३० ते ५५ टक्के, दुसरीनंतर सुमारे ७५ टक्के, तर तिसरीनंतर ९० टक्क्यांहून अधिक जणांना संरक्षण लाभते. चाळिशीनंतर हा प्रतिसाद मंदावतो. धूम्रपान, स्थूलपणा, मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार यांमुळेही तो घटतो. लस दंडाच्या स्नायूत घ्यावी. नितंबात टोचल्यास परिणाम कमी होतो.

काही वर्षांनी प्रतिपिंडे घटतात. पण स्मृतिपेशी टिकून राहतात. विषाणूला आजार निर्माण करण्यास साधारण दीड ते सहा महिने लागतात. तेवढ्या अवधीत या पेशी पुन्हा प्रतिपिंडे तयार करतात. म्हणून निरोगी व्यक्तीला सहसा वर्धक मात्रा लागत नाही.

कोणी दक्षता घ्यावी?
बालकांना ही लस सरकारी कार्यक्रमातून देण्यास २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११-१२ मध्ये देशभर आरंभ झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना, म्हणजे आजच्या तरुण पिढीतील मोठ्या गटाला, ती बालपणी मिळालेली नाही. परिचारिका, प्रयोगशाळा कर्मचारी व वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची चाचणी करून घ्यावी. प्रतिसाद अपुरा आढळल्यास तीन मात्रांचा क्रम पुन्हा देतात. त्यानंतर अशांपैकी अनेकांना संरक्षण मिळते.

मात्रा चुकली तरी क्रम पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नसते. राहिलेली मात्रा शक्य तितक्या लवकर घ्यावी.