वर्धापन कोणत्या दिवसाचे?

संस्थेला पन्नास, शंभर किंवा दीडशे वर्षे पूर्ण झाली की समारंभ होतो, स्मरणिका निघते, जुन्या छायाचित्रांना हार घातले जातात. या गडबडीत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : ही वर्षे मोजली कोठून? शाळेच्या बाबतीत पहिला वर्ग भरला तो दिवस, ग्रंथालयाच्या बाबतीत दार उघडले तो दिवस, असे उत्तर चटकन देता येते. चर्चच्या बाबतीत ते तितके सोपे नाही. परदेशी मिशनरी गावात येऊन राहिला तो दिवस, पहिला बाप्तिस्मा झाला तो दिवस, सभासदांनी एकत्र येऊन मंडळी स्थापन केली तो दिवस, इमारतीची कोनशिला बसली तो दिवस, आणि मंडळीतल्याच माणसाने पाळकपदाची सूत्रे हाती घेतली तो दिवस, अशा निदान पाच तिथी समोर उभ्या राहतात. यांतली कोणती निवडायची यावरच त्या उत्सवात कोणाचा इतिहास सांगितला जाणार हे ठरते.

मराठी भाषेने या प्रश्नाचे आपले उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत उपासनेच्या वास्तूला देऊळ, मंदिर किंवा चर्च म्हणतात. पण त्या वास्तूत जमणाऱ्या श्रद्धावंतांच्या समुदायाला ‘मंडळी’ हाच शब्द आहे. मराठी बायबलातही तोच शब्द रूढ झाला. ज्या शब्दाने आपण घरच्या माणसांना, पंगतीला बसलेल्यांना, कीर्तनाला जमलेल्या श्रोत्यांना हाक मारतो, त्याच शब्दाने एका धर्मसंस्थेचे नाव घडावे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तेव्हा मंडळीचे वर्धापन म्हणजे माणसांच्या एकत्र येण्याचे वर्धापन. व्यवहारात तसे घडते का, हे पाहण्यासाठी मराठी मुलखातील एका जुन्या मंडळीचे, अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) पहिल्या मंडळीचे उदाहरण घेऊ.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. मुंबईत शाळा, छापखाना आणि भाषांतर यांचे काम चालू राहिले, परंतु घाटावर कायमचे ठाणे व्हायला आणखी अठरा वर्षे लागली. १८३१ च्या डिसेंबरात ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्व्ही हे अहमदनगरला आले. पुढल्याच वर्षी हर्व्ही पटकीने दगावले आणि प्रकृती ढासळल्यामुळे ग्रेव्ह्ज यांनाही नगर सोडावे लागले. मिशनचे ठाणे पहिल्याच वर्षात जवळजवळ मोडकळीस आले होते.

या तिघांबरोबर काम करणारा एक मराठी माणूस होता. त्याचे नाव बाबाजी. जन्माने ब्राह्मण असलेल्या बाबाजीने मुंबईत मिशनच्या सहवासात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. नगरमध्ये आंधळे, पांगळे, वृद्ध अशा निराधारांसाठी युरोपियन रहिवाशांच्या देणग्यांतून एक आश्रयगृह चालत असे. तेथील माणसांत मिशनने काम सुरू केले, आणि त्यात बाबाजीचा मोठा वाटा होता. ४ मार्च १८३३ या दिवशी नगरची पहिली मंडळी स्थापन झाली तेव्हा तिच्या सभासदांत याच आश्रयगृहातील माणसे होती. त्याच वर्षी बाबाजी मरण पावला. हॉलिस रीड यांनी त्याचे चरित्र लिहिले व ते १८३६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

या आरंभाकडे नीट पाहिले पाहिजे. ज्यांना घर नव्हते, धडधाकट शरीर नव्हते, गावात मान नव्हता, अशी वेगवेगळ्या जातींची माणसे एका ब्राह्मणाबरोबर प्रभुभोजनाच्या एकाच मेजाशी बसली. पेशवाई जाऊन तेव्हा पुरती पंधरा वर्षेच झाली होती. त्या काळच्या नगर शहरात ही घटना किती धक्कादायक वाटली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. त्या मेजाशी बसलेल्यांपैकी बाबाजीचे चरित्र छापले गेले. आश्रयगृहातील बाकीच्यांचे कोणी लिहिले नाही.

पुढील दोन दशकांत नगरच्या कामाचा विस्तार झाला. १८४२ मध्ये हेन्री बॅलन्टाइन यांनी येथून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. सिंथिया फॅरर या बाईंनी मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहूनच आपल्याला मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असे पुढे जोतीराव फुले यांनी सांगितले आहे. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे शिकलेले ब्राह्मण तरुण याच काळात मंडळीत आले. त्यांच्या धर्मांतराने घरे दुभंगली. वर्धापनाच्या भाषणांत हे प्रसंग ‘विश्वासाची कसोटी’ म्हणून दोन वाक्यांत उरकले जातात. पण ज्या आईबापांनी जिवंत मुलाच्या नावाने आंघोळ केली, त्यांचे दुःखही या इतिहासाचाच भाग आहे.

१८५४ च्या अखेरीस बॉस्टनहून अमेरिकन मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन नगरला आले. देशी मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपल्या धर्माचा प्रसार स्वतः करावा, परदेशी मिशनरी हा पाहुणा आहे, त्याने एक दिवस निघून जायचे आहे, असे त्यांचे ठाम मत होते. त्याच सुमारास नगरच्या मंडळीच्या दोन मंडळ्या झाल्या आणि त्यांवर हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. प्रभुभोजनाची भाकर आता मराठी हातांनी मोडली जाऊ लागली. अँडरसन यांच्या धोरणाला दुसरी बाजूही होती. देशी भाषेवर भर देताना मिशनने इंग्रजी शिक्षणातून अंग काढून घेतले. कारभार स्वतः करा असे मंडळीला सांगायचे, आणि ज्या शिक्षणाच्या जोरावर त्या काळी माणूस वर येत असे ते मात्र आखडते घ्यायचे, ही विसंगती होतीच.

अशा रीतीने नगरच्या मंडळीला तीन वाढदिवस मिळाले : १८३१ चा मिशनचा, १८३३ चा मंडळीचा आणि १८५४ चा स्वतःच्या पाळकाचा.

यांपैकी मोठा उत्सव झाला तो पहिल्याचा. १८८१ च्या ऑक्टोबरात, मिशनने नगरमध्ये ठाणे घातल्याला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने नगरला अर्धशताब्दीचा मेळावा भरला. तेथे वाचलेले निबंध पुढल्या वर्षी ग्रंथरूपाने छापले गेले. त्या ग्रंथाच्या नावातच १८१३ ते १८८१ हा मिशनचा कालखंड आहे. अभ्यासकाला आजही तो उपयोगी पडतो. शाळा किती, पुस्तके कोणती, ठाणी कोठे, हे त्यात पद्धतशीरपणे सापडते. परंतु उत्सवाची तिथीच मिशनरींच्या आगमनाची असल्यामुळे कथेचा नायकही मिशनरीच होतो. मराठी माणसे त्या कथेत येतात ती बहुधा केलेल्या कामाचे फळ म्हणून.

वस्तुतः १८८१ पर्यंत मंडळीचा चेहरा पार बदलला होता. १८५० च्या दशकानंतर नगर जिल्ह्यातील खेड्यांतून, मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांतून, लोक मंडळीत येऊ लागले. वडाळे, राहुरी, कोळगाव अशा गावी मंडळ्या झाल्या. शहरातल्या मंडळीचे पाळक ब्राह्मण कुळांतले, आणि खेड्यांतील बहुसंख्य सभासद अस्पृश्य मानलेल्या जातींचे, असे तिचे रूप होते. एका मेजाशी बसण्याने शतकांची सवय एका दिवसात सुटत नाही. मंडळीच्या आत जातीचा प्रश्न पुढे दीर्घकाळ धुमसत राहिला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात या खेड्यांची अन्नान्नदशा झाली. मेळावा भरला तेव्हा त्या आठवणी ताज्याच होत्या.

या खेड्यांतून आणि शहरातून एक नवी गोष्ट उभी राहिली, ती म्हणजे ख्रिस्ती कीर्तन. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४-१९०८) हे नगरच्या परंपरेतले नामांकित कीर्तनकार आणि गीतकार. टाळ, झांज, पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी आणि आख्यान शुभवर्तमानाचे, असा तो मेळ होता. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत मंडळीची शिकवण पोहोचली ती या वाटेने. मंडळ्यांच्या संघाला नाव दिले गेले तेही मराठीच, ‘ऐक्य’. मिशनने शाळा व छापखाना आणला हे खरे. गाणे मात्र या मंडळीचे स्वतःचे होते.

या धाग्याचे पुढचे टोक म्हणजे नारायण वामन टिळक. विदर्भाच्या वाचकाला त्यांची वाट ओळखीची आहे. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते वेदवाङ्मयाच्या कामात होते. तेथून राजनांदगावी गेले, आणि रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने दिलेल्या नव्या करारापासून त्यांच्या आयुष्याला वळण लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला ते स्थिरावले. या घटनेने एक संसार कसा उसवला आणि कसा पुन्हा शिवला गेला, ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितले आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ख्रिस्ताचा अनुयायी होण्यासाठी परदेशी संस्थेच्या पगारपत्रकाची गरज नाही, हा त्याचा अर्थ होता. अँडरसन यांनी १८५४ मध्ये जे बोलून दाखविले, ते पुरते होण्यास साठ वर्षांनंतरही वाव राहिला होता, असे यावरून दिसते. मराठी प्रेक्षकाला पडद्यावरचा ज्ञानेश्वर दाखविणारे शाहू मोडक याच नगरच्या ख्रिस्ती समाजातले, हे सांगितले म्हणजे हा समाज मराठी जीवनात किती मिसळून गेला होता ते ध्यानात येईल.

सातपुड्याच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या वाचकाला नगरची ही कथा दूरची वाटू नये, कारण तोच प्रश्न आपल्या अंगणात आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूरला आले, तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा काढली, गोंडांची गाणी व कथा उतरवून घेतल्या, जीवाश्म गोळा केले, आणि १८६३ मध्ये टाकळघाटहून बोरीकडे येताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. सदरमधील ऑल सेंट्स चर्च १८५१ चे. ते मुख्यतः कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी होते आणि १९०३ पासून ते कॅथीड्रल झाले. तेथेच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. नागपूरच्या मंडळीने वर्षे मोजावीत ती १८४५ पासून, १८५१ पासून की १९७० पासून? उत्तरेला छिंदवाड्यात स्कॉटिश मिशनचे जेम्स डॉसन यांनी गोंडी भाषेत काम केले, पुढे तेथे स्वीडिश लुथरन मिशन आले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या लुथरन चर्चने १९७० च्या एकीकरणात न जाता आपले वेगळेपण राखले.

तिगाव, पांढुर्णा, सौसर हा पट्टा तर नकाशाने आणखीच गुंतागुंतीचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी मुलूख छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरहद्दीवरच्या लहान मंडळीचा इतिहास शोधू जावे तर एक कागद नागपूरकडे, दुसरा छिंदवाड्याकडे आणि तिसरा स्कॉटलंड किंवा स्वीडनमध्ये असण्याचा संभव. मिशनचे अहवाल परदेशी ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदवह्या मात्र इथल्याच कपाटांत वाळवीच्या तोंडी असतात. बाबाजीच्या शेजारी बसलेल्या माणसांची नावे मिळण्याची जागा जर कोणती असेल, तर ती असल्या वह्याच.

१८३१ पासून मोजले तर नगरच्या मिशनला २०३१ मध्ये दोनशे वर्षे होतील. १८३३ पासून मोजले तर मंडळीला ४ मार्च २०३३ रोजी. दोन्ही उत्सव व्हावेत. मात्र दुसऱ्या उत्सवाच्या दिवशी व्यासपीठावर मिशनरींच्या तसबिरींबरोबर जुनी सभासदवही ठेवावी, आणि तिच्यातली वाचता येतील तेवढी नावे मोठ्याने वाचावीत. ज्या लहान मंडळ्यांची पन्नाशी किंवा शंभरी त्याआधी येईल, त्यांनी तर यासाठी थांबूही नये. वही उतरवून घेण्याचे काम समारंभाच्या आधी करता येते.