दोन मिलिमीटरची दाढ आणि चुकलेलं घड्याळ

आजची गोष्ट एका दाढेची आहे. उंदराच्या.

उंदीर मेला की त्याच्या नाजूक हाडांचा बहुतेकदा चुरा होतो. दात मात्र टिकतात, कारण शरीरात इनॅमलइतकं कडक दुसरं काही नाही. पाकिस्तानातल्या पंजाबात पोटवारचं पठार आहे. तिथल्या शिवालिक खडकांत लाखो वर्षांचे थर एकावर एक बसलेत. संशोधक तिथली माती बारीक चाळणीत पाण्याने धुतात आणि उरलेला चाळ मायक्रोस्कोपखाली निवडतात, आपण तांदूळ निवडतो तसा. हाती लागते जेमतेम दोन मिलिमीटरची दाढ.

ती कुणाची, हे कसं ओळखायचं? दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे बघायचे. वरच्या दाढेवर दोन उभ्या रांगा असतील, तर हॅमस्टरसारखं जुनं घराणं. जिभेच्या बाजूला तिसरी रांग आली, तर आपल्या उंदरांचं. १९७७ साली लुइस जेकब्स यांनी पोटवारच्या एका उंदराला 'अँटेमस' नाव दिलं. वय सुमारे १ कोटी ३८ लाख वर्षं. त्याची तिसरी रांग आलीय, पण शेजारच्या उंचवट्यांना अजून नीट जोडलेली नाही. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत ती जोडली जाऊन आडव्या कमानी झालेल्या दिसतात.

पुढे दोन शाखा दिसतात: प्रोगोनोमिस आणि कर्णीमाता. हो, राजस्थानात देशनोकला उंदरांचं मंदिर आहे ना, त्याच देवीचं नाव! समज असा होता की पहिल्यापासून 'मस', म्हणजे छोटा घरउंदीर आला आणि दुसऱ्यापासून 'रॅटस', म्हणजे मोठा उंदीर. म्हणून दोघे सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, असं ठरलं.

आता हा आकडा इतका महत्त्वाचा का? डीएनएतले फरक मोजता येतात, पण त्यांची वर्षं करायला एखादं जीवाश्म लागतं. प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वापरले जाणारे सस्तन प्राणी हेच दोन, त्यामुळे कितीतरी अभ्यासांनी हाच आकडा घेतला. कोडमध्ये कुणीतरी एक आकडा हार्डकोड करतो आणि पुढचे सगळे कॉपी-पेस्ट करत राहतात, अगदी तसं.

२०१५ मध्ये युरी किमुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कर्णीमाता रॅटसचा पूर्वज नव्हेच. त्याचं नातं आफ्रिकेतल्या गवताळ रानांतल्या आर्विकँथिस उंदरांशी आहे. आणि ते उंदीर रॅटसपेक्षा मसच्या जवळचे. म्हणजे थराचं वय बरोबर होतं, पण ते झाडाच्या भलत्याच फांदीला टांगलं होतं. मस आणि रॅटस त्या फाट्याच्याही आधी वेगळे झाले असणार.

आणि त्या २०१५च्या पेपरच्या लेखकांत एक नाव आहे: लुइस जेकब्स. अडतीस वर्षांनी माणूस स्वतःच्याच कामातला बग फिक्स करायला परत आला. मला तर दाढेपेक्षा हेच जास्त आवडलं.