शिक्षाकार पडद्यावर

छत्रपति संभाजीनगरपासून सुमारें १५ किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकांत तेथील यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असतां शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यांत गायकांचे पांच प्रकार सांगतांना त्यानें पहिला मान ‘शिक्षाकारा’स, म्हणजे कांहींही उणें न ठेवतां विद्या देण्यांत निपुण असलेल्या गायकास, दिला.

परंतु ग्रंथ कितीही सूक्ष्म असला, तरी गुरूचा स्वर कागदावर उतरत नाहीं. १९०२ सालापासून हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण होऊं लागलें आणि स्वर तबकडींत सांपडला. मात्र तींत सुमारें ३ मिनिटांचें तयार गाणें मावे. तें कसें घडलें, हें तिला सांगतां येत नसे. जयपूर घराण्याचे अल्लादियाखां (१८५५–१९४६) यांनीं तर आपलें गाणें तबकडीवर दिलेंच नाहीं. तें उरलें तें तालमीमुळें: मंजीखां व भुर्जीखां हे पुत्र, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठांत.

तालमींत एकच स्वरसमूह पुनः पुनः घोटला जातो; शिष्य अडखळतो, गुरु हातानें मींडेचें वळण दाखवितो. हें वळण टिपण्याचें सामर्थ्य अनुबोधपटास लाभलें. मणि कौल यांच्या ‘ध्रुपद’ (१९८२) या पटांत झिया मोहिउद्दीन आणि झिया फरीदुद्दीन या डागर बंधूंच्या वादन-गायनाबरोबर शिष्यांची शिकवणीही दिसते. मंजीखां-भुर्जीखांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावर नंदन कुध्यादी यांनीं ‘रसयात्रा’ (१९९४) काढला. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्यावर अमोल पालेकर व संध्या गोखले यांनीं ‘भिन्न षड्ज’ (२०११). ज्या परंपरेच्या मूळपुरुषाची तबकडी नाहीं, तिच्या दोन वारसांच्या साधनेचें दर्शन अशा रीतीनें पुढील पिढ्यांस घडूं शकतें.

हे चारही कलावंत आज हयात नाहींत. म्हणून या पटांचें मोल मोठें. तरीही पडद्यावरील गुरूस समोरच्या शिष्याची चूक ऐकूं येत नाहीं. शार्ङ्गदेवाच्या कसोटीस उतरावयाचें, तर गुरु समोरच हवा. याच नगरांत नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) यांनीं वर्षानुवर्षें शिष्य घडविले, ते समोर बसवूनच. चित्रपट त्या विद्येची साक्ष देईल; ती पुढें नेणें हें मात्र कंठाचेंच काम आहे.