अक्षरांशी झगडणारी मुले

बोलण्यात चुणचुणीत असलेले, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारे मूल वही उघडताच गप्प होते. फळ्यावरचे उतरवून घेताना मागे पडते, शुद्धलेखनात एकच शब्द तीन ओळींत तीन प्रकारे लिहिते. 'आळशी आहे', 'लक्ष देत नाही' असे शेरे वर्षानुवर्षे प्रगतिपुस्तकात साचत जातात आणि हळूहळू मुलालाही ते खरे वाटू लागतात. अशा मुलांपैकी काहींची खरी अडचण अध्ययन अक्षमता ही असते. २००७ साली प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीं पर' या चित्रपटामुळे ती घरोघरी चर्चेत आली.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक, डोळे व कान निर्दोष, शिकण्याची संधीही पुरेशी. तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांत मूल सातत्याने मागे राहते, त्या स्थितीला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाशी संबंधित अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिसग्राफिया आणि गणिताच्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया अशी नावे आहेत. हा आजार नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्याची मेंदूची पद्धत यात वेगळी असते. ती बऱ्याचदा आनुवंशिक असते. पालकांच्या लाडाशी किंवा शिस्तीशी तिचा संबंध नाही. काही मुलांत तिच्या जोडीला अतिचंचलताही आढळते.

मराठी माध्यमातही ही अडचण दिसते. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते. जोडाक्षरे आणि रफार सुटतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची, पण उच्चारायची नंतर, हा साधा नियमही अशा मुलाला दमवतो.

निदान कसे होते?

वाचन-लेखन पुरेसे रुजल्याशिवाय खात्रीचे निदान होत नाही. म्हणून साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षानंतर ते केले जाते. मात्र शंका आल्यास तोवर स्वस्थ बसू नये. अधिकचा सराव आणि शिक्षकांशी संवाद लगेच सुरू करता येतो. प्रथम दृष्टी व श्रवण तपासले जाते. नंतर बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मुलाची तपासणी करतात. त्यात बुद्ध्यांक चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या असतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ही सोय झाल्याने सामान्य कुटुंबांनाही निदान आवाक्यात आले.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित अशा सवलती त्यातून मिळू लागल्या. देशपातळीवर मात्र १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. ही अक्षमता लवकर ओळखून त्यानुसार अध्यापनाचे उपाय योजणे, ही आता शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांची जबाबदारी आहे.

पालकांची भूमिका

अनेक घरांत निदानापेक्षा प्रमाणपत्राचीच धास्ती अधिक असते. 'अक्षम' हा शिक्का मुलाच्या माथी कायमचा बसेल, नातेवाइकांत चर्चा होईल, या भीतीने दहावी तोंडावर येईपर्यंत चालढकल केली जाते. तोवर मुलाचा आत्मविश्वास खचलेला असतो. आठवी-नववीत धावाधाव करण्यापेक्षा तिसरी-चौथीत सुरू केलेले उपचारात्मक शिक्षण कितीतरी अधिक उपयोगी ठरते. सवलत परीक्षा सुसह्य करते; वाचायला मात्र विशेष शिक्षकाची नियमित शिकवणीच शिकवते.

शाळेशी बोलताना तक्रारीचा सूर टाळून नेमक्या मागण्या मांडाव्यात: पुढच्या बाकावर जागा, वर्गात मोठ्याने वाचण्याची सक्ती नको, काही उत्तरे तोंडी घ्यावीत. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि अहवालांच्या प्रती जपून ठेवाव्यात. मंडळाच्या परीक्षेसाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत जात असल्याने चालू नियम नववीतच विचारून घ्यावेत. शाळेने दाद न दिल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करण्याची तरतूद कायद्यात आहे.

सवलती सरसकट घेऊ नयेत. गणिताचा सोपा पर्याय स्वीकारल्यास पुढे गणित आवश्यक असलेल्या शाखांची वाट अवघड होते. त्यामुळे हा निर्णय मुलाला विश्वासात घेऊन, त्याचा कल पाहूनच घ्यावा.

चित्र, यंत्र, खेळ, संगीत, माणसे जोडण्याची हातोटी, असे काहीतरी बहुतेक मुलांपाशी असते. रोजच्या संध्याकाळचा सगळा वेळ गृहपाठाच्या भांडणात न घालवता त्यातला थोडा त्यासाठी राखून ठेवावा. आपण 'ढ' नाही, हे मुलाला सर्वप्रथम घरातच कळायला हवे. शाळेला ते पटवून देण्याचे बळ पालकांनाही तिथूनच मिळते.