गिअर जड पडणे (चिखलदरा घाट)

गिअर जड पडणे : हाताने गिअर टाकायच्या मोटारीतील दोष. दांडा ठरल्या जागी सहज न जाणे, जोर लावून ढकलावा लागणे, करकर वाजून परत येणे आणि पडलेला गिअर बाहेर न निघणे अशा चार तऱ्हा त्यात मोडतात. ड्रायव्हर मंडळी या चारींना मिळून ‘गिअर हार्ड झाला’ एवढेच सांगतात. त्या एका वाक्यातून नेमकी तऱ्हा वेगळी काढणे हे मिस्त्रीचे पहिले काम. निम्मे निदान तिथेच होते.

चिखलदऱ्याच्या वाटेवरील अमरावती ते परतवाडा ही पन्नासेक किलोमीटरची सपाट सडक हा दोष झाकून ठेवते, कारण तिथे गाडी बहुतेक वेळ वरच्या गिअरमध्येच असते. अमरावती शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मी., तर चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण सुमारे १,११८ मी. उंचीवर आहे, आणि ही चढण जवळजवळ सगळी परतवाड्याच्या पुढे लागते. धामणगाव गढी-मोथा मार्गाने जा की घटांगवरून, वळणावळणाला तिसऱ्याचा दुसरा आणि दुसऱ्याचा पहिला करावा लागतो. त्यामुळे सपाटीवर महिनोन्‌महिने मुरलेला दोष घाटात तासाभरात उघडा पडतो आणि बोल घाटाला लागतो.

इतिहास : फ्रान्समधील पानार-लव्हासॉर कंपनीने १८९१ च्या सुमारास सरकत्या दातेरी चाकांची गिअरपेटी मोटारीत आणली. दोन चाकांची गती आधी जुळवून मग दाते गुंतवणारी सिंक्रोमेश रचना १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत आली. त्याआधीच्या मोटारींत, आणि नंतरही बराच काळ अवजड वाहनांत, ही जुळणी ड्रायव्हरलाच क्लच दोनदा दाबून करावी लागे. जुने ट्रकवाले आजही सवयीने ‘डबल क्लच’ मारतात, ती याच काळाची खूण. ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत गिअरचा दांडा बराच काळ स्टिअरिंगच्या खांबावर होता. तिथून गिअरपेटीपर्यंतच्या सांध्यांतले बुश झिजले की दांडा दोन गिअरांच्या मध्येच अडके.

निदान : पहिली चाचणी फुकटची आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवावे, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहावेत. मग इंजिन चालू करून तेच करावे. बंद इंजिनावर लोण्यासारखे पडणारे गिअर चालू इंजिनावर अडत असतील तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअरपेटीला हात लावण्याचे कारण नाही. दोन्ही वेळा सारखेच जड असतील तर दांडा, केबल, सांधे किंवा पेटीतले फोर्क पाहावेत. एकच गिअर वाजत असेल, बाकी ठीक असतील, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असे धरून चालावे.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसते. इंजिन मंद गतीवर ठेवून क्लच पूर्ण दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. एवढ्या अवधीत आतली चाके थांबायला हवीत. तरीही करकर झाली तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला घासत फिरते आहे.

क्लच न सुटण्याची कारणे शोधताना खालून वर जाण्याऐवजी पायापासून सुरुवात करावी. पेडलखाली दुमडलेली रबरी चटई किंवा लोळत आलेली पाण्याची बाटली हे कारण हास्यास्पद वाटते, पण पेडल दोन बोटे कमी दाबले गेले तरी गिअर वाजतात. मारुती ८००, आल्टो यांसारख्या गाड्यांत क्लच केबलने चालतो. तिचा पीळ एकेक तार करून उकलत जातो, बाहेरून केबल धडधाकट दिसते आणि पेडल दिवसेंदिवस जड होत जाते. पेडलचा मोकळा खेळ साधारण १५ ते २५ मिलिमीटरच्या घरात असतो; आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. सुमो, बोलेरोसारख्या गाड्यांत हे काम तेलाच्या दाबाने होते. तिथे पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर सुखाने पडला तर लाइनमध्ये हवा धरली आहे किंवा मास्टर नाहीतर स्लेव्ह सिलिंडरचे रबर गेले आहे. या तेलाला हवेतली ओल शोषण्याची खोड आहे. कोरड्या ‘डॉट ३’ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. ठरवलेला आहे, ओल धरलेल्याचा १४०° से. पावसाळा ढगात काढणाऱ्या चिखलदऱ्यात हे तेल वेळच्या वेळी बदललेले बरे.

घाटातील विशेष कारणे : जुलै-ऑगस्टमध्ये सुटीच्या दिवशी वर गाड्यांची रांग लागते. हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय असेल तर प्लेट तापते, जळक्या अस्तराचा वास आत येतो आणि पुढच्या वळणावर पहिला गिअर पडत नाही. अर्धा तास गाडी थंड केल्यावर तोच गिअर मुकाट पडला, तर दोष तापलेल्या क्लचचा.

याच्या उलट तक्रार मुक्कामानंतरची. धुक्या-पावसात चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, किंवा शाफ्टच्या खाचांत गंज धरल्याने प्लेट सरकत नाही. पेडल नेहमीसारखे दाबले जाते आणि गिअर मात्र एकही पडत नाही.

घाट उतरताना तिसऱ्यातून दुसरा टाकताना सिंक्रो रिंगला प्लेट आणि शाफ्ट यांची गती वाढवून द्यावी लागते. सारखी घाटात चालणारी गाडी आधी दुसऱ्या गिअरचीच कुरकुर करते, ती म्हणून. उतारावर गाडी गिअरमध्ये उभी ठेवून क्लच सोडला व सगळा भार दात्यांवर राहिला, तर तो गिअर ओढूनही निघत नाही. हा दोष नव्हे. आधी ब्रेक, मग क्लच, मग दांडा, एवढे पुरते.

गिअर ऑइल : पातळी भरणभोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावी आणि ती सपाटीवरच पाहावी. चिखलदऱ्यात सपाट जागा शोधावी लागते, उतारावर पाहिलेली पातळी खोटी. थंडीतल्या सकाळी पहिले दोन-चार किलोमीटर गिअर जड आणि नंतर मोकळे, असे होत असेल तर तेल जाड आहे किंवा चुकीचे भरले आहे. जुने तेल काढल्यावर थेंब दोन बोटांत चोळून उन्हात धरावा. सोनेरी चमचम दिसली तर ती पितळी सिंक्रो रिंगची पूड. काढणबुचाच्या चुंबकावर टोचणारे लोखंडी तुकडे निघाले तर दाते तुटत आहेत. पहिल्यात सवड असते, दुसऱ्यात नसते. ‘जीएल-४’ ऐवजी ‘जीएल-५’ चालते का, यावर मिस्त्रींमध्ये एकमत नाही. जीएल-५ मधील काही मिश्रणांनी रिंगची पकड कमी होते व पितळ खराब होते, असे एक मत. सगळ्याच तेलांना ते लागू नाही, असे दुसरे. पुस्तिकेत छापलेले तेल भरले की वाद उरत नाही.

दांडा व सांधे : दांड्याच्या मुळाशी प्लॅस्टिकची वाटी असते, ती फुटली की दांडा सैल आणि गिअर जड, असे एकाच वेळी घडते.

स्वयंचलित गिअर : भारतात २०१४ पासून मारुतीच्या सेलेरिओ गाडीमुळे रुळले. त्यांच्या दोषांचे निदान संगणकावर होते, वरच्या चाचण्या त्यांना लागू नाहीत.

क्लच, केबल, तेल आणि सांधे तपासल्यावाचून गिअरपेटी उतरवणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक. चिखलदऱ्यात गाडी उभी असताना असा निर्णय घेऊच नये. ब्रेक नीट असतील आणि गिअर पडत असेल तर गाडी खाली आणता येते : इंजिन बंद असतानाच खालचा गिअर टाकावा, मग इंजिन चालू करून त्याच गिअरमध्ये परतवाड्यापर्यंत सावकाश उतरावे. एकही गिअर पडत नसेल तर गाडी ओढूनच न्यावी. गिअर छळतो म्हणून न्यूट्रलवर घाट उतरू नये. मोथ्याच्या वळणांवर नुसते ब्रेक पुरे पडत नाहीत.