दिवाळीच्या किल्ल्यावरची हिरवळ : काय, कुठे आणि कधी पेरावे

दिवाळीत मातीचा किल्ला करायची रीत आपली माणसे जिथे स्थायिक झाली तिथे सोबत घेऊन गेली. आता अंगणाच्या जागी गॅलरी आली आणि बाजारात प्लास्टरचे तयार किल्लेही मिळू लागले. हिरवळ मात्र आधी पेरावी लागते, ती आयत्या वेळी आणता येत नाही. इंदूर, वडोदरा, हैदराबाद इथे वाढणाऱ्या पुष्कळ मुलांनी सह्याद्री पाहिलेला नसतो. त्यांचा पहिला सह्याद्री हाच. तो खऱ्यासारखा दिसावा म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

कुठे हिरवे, कुठे उघडे

सगळा किल्ला सारखाच हिरवा केला की तो टेकाडासारखा दिसतो. सह्याद्रीत काळ्या कातळाचे उभे कडे आणि त्यांच्यामध्ये गवताळ उतार अशी रचना असते. कड्यावर माती टिकत नाही, म्हणून तिथे गवतही फारसे नसते. राजगड करायचा असेल तर बालेकिल्ल्याचे कडे उघडे ठेवावेत, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्यांवर बारीक गवत घ्यावे आणि पायथ्याशी दाट झाडी लावावी. प्रतापगडाभोवती जावळीचे रान हवेच. सिंधुदुर्गाला डोंगर नाही. तिथे तटाच्या आत माड शोभतात.

झाडी कुठे असावी याचा विचार शिवकाळानंतरच्या ‘आज्ञापत्रा’तही आहे. गडाखालची झाडी जपावी, ती तोडू देऊ नये आणि गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी झाडे लावावीत, असे रामचंद्रपंत अमात्य सांगतात. मुलांना एवढे सांगितले, तर झाड कुठे रोवायचे हे ती स्वतःच ठरवतात.

माती

विटा-दगडांच्या ढाच्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरावे आणि वर मातीचा थर द्यावा. माळव्याकडची काळी माती वाळली की भेगाळते. तिच्यात वाळू आणि थोडा लाकडाचा भुसा मिसळावा. बेळगाव-गोव्याकडची लाल माती चाळून घेतली की पुरते. जिथे पेरायचे तिथे वरचा बोटभर थर शेणखत मिसळून भुसभुशीत ठेवावा. कड्यांची माती मात्र थापून घट्ट करावी आणि वाळल्यावर तिला काळपट रंग द्यावा.

काय पेरावे

हळीव : उतारासाठी सर्वांत सोयीचे. भिजल्यावर दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो, त्यामुळे दाणे उतारावरही चिकटून राहतात. एक-दोन दिवसांत कोंब येतात, पाच-सहा दिवसांत हिरवळ दिसते. चौरस फुटाला दोन चहाचे चमचे पुरतात. दाणे मातीत पुरू नयेत, ओल्या मातीवर पसरून हाताने हलके दाबावेत.

मोहरी : सुमारे आठवडा लागतो. पाने रुंद असल्याने ती झुडपांसारखी दिसते.

नाचणी : पाते बारीक, अगदी गवतासारखे. रात्रभर भिजवून पेरावी. नऊ-दहा दिवस धरावेत.

गहू : लवकर आणि उंच वाढतो. तो पायथ्याच्या शेतापुरताच ठेवावा.

दाणे किराणा दुकानातलेच घ्यावेत. पेरणीच्या बियाण्याला अनेकदा औषध चोळलेले असते, ते मुलांच्या हाती देऊ नये. पेरल्यावर कोंब येईपर्यंत ओले सुती फडके झाकावे. पाणी फवाऱ्यानेच द्यावे. तांब्याने ओतले तर दाणे वाहून पायथ्याशी जमा होतात. एकाच बाजूने उजेड येत असेल तर रोपे तिकडे झुकतात, म्हणून गॅलरीतला किल्ला पाटावर करून रोज फिरवावा.

कधी पेरावे

वसुबारस म्हणजे आश्विन वद्य द्वादशी. (ग्वाल्हेर-इंदूरच्या स्थानिक पंचांगात हाच पंधरवडा कार्तिक कृष्ण पक्ष म्हणून येतो.) तिथून मागे मोजावे. कोजागरीपर्यंत ढाचा पूर्ण करावा, वद्य द्वितीया-तृतीयेला नाचणी, पंचमीला मोहरी आणि षष्ठीला हळीव पेरावे. ग्वाल्हेरकडे तोवर रात्री गार होऊ लागतात. तिथे सगळे दोन दिवस आधी धरावे.

उंचीचे प्रमाण

मावळ्याचे चित्र दोन इंचांचे, म्हणजे पाच सेंटिमीटरचे असेल, तर पाच सेंटिमीटर वाढलेले हळीव त्याच्या डोक्याएवढे होते. म्हणून मावळ्यांच्या आसपास ते कात्रीने एक-दीड सेंटिमीटरवर कापावे. पायथ्याशी उंच आणि वर जाताना बारीक अशी झाडी ठेवली की गडही उंच वाटतो. माथ्याला शेवाळ उत्तम. मात्र ते रोज ओले ठेवावे लागते.

झाडे

तुळशीच्या वाळलेल्या, फांद्या असलेल्या काड्यांना गोंद लावून हिरव्या रंगाचा भुसा किंवा स्पंजचा चुरा चिकटवला की डेरेदार झाड तयार होते. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कापून रंगवली की झुडपे होतात. वाळक्या गवतासाठी नारळाचा काथ्या बारीक कापून पसरावा. दिवाळीच्या सुमारास सह्याद्रीतले गवत पिवळे पडू लागलेलेच असते.

भुसा, काथ्या आणि स्पंज चटकन पेट घेतात. पणत्या सपाट दगडावर आणि या वस्तूंपासून निदान वीतभर लांब ठेवाव्यात. गॅलरीत वारा असेल तर किल्ल्यावर पणतीऐवजी विजेचा दिवा लावावा आणि पणत्या खाली जमिनीवर मांडाव्यात.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडताना रंग दिलेला भाग आणि स्पंज वेगळा काढावा. उरलेली खतावलेली माती कुंड्यांना चालते.