मालवण सागरी अभयारण्य

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण शहरासमोरचे संरक्षित सागरी क्षेत्र. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार महाराष्ट्र शासनाने ते 13 एप्रिल 1987 रोजी घोषित केले. क्षेत्रफळ 29.122 चौ. किमी. त्यांपैकी सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड व भोवतीचे खडक मिळून 3.182 चौ. किमी. गाभा क्षेत्र असून उरलेले 25.94 चौ. किमी. बाह्य क्षेत्र आहे. राज्यातील हे पहिले सागरी अभयारण्य.

शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले. पाण्याखालच्या खडकांमुळे परक्या जहाजांना इथे शिरणे अवघड होते. त्याच खडकांवर प्रवाळ, स्पंज, समुद्रशैवाल आणि कालवे धरतात, आणि त्यांच्या आडोशाने माशांची पिले वाढतात. मात्र लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळभित्ती इथे नाही. गड व कर्ली नद्या पावसाळ्यात गाळ आणि गोडे पाणी समुद्रात आणतात. खारटपणा घटतो, गढूळ पाण्यातून प्रकाश तळापर्यंत पोचत नाही. एवढे सोसू शकणाऱ्या पोरायटीस, टर्बिनेरिया अशा चिवट जातीच विखुरलेल्या ठिगळांनी टिकल्या आहेत.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. पाण्याची चढउतार इथे मुंबईच्या मानाने कमी असते. किनाऱ्यालगतचा प्रवाह नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे, तेव्हा तो बंगालच्या उपसागराचे कमी खारट पाणी सोबत आणतो. पावसाळ्यात खोल भागातले थंड, पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. केरळइतका जोर त्याला इथे नसतो, पण वनस्पतिप्लवक वाढायला तेवढे पुरते. तारली व बांगडा यांचे थवे पुढे त्यावरच पोसले जातात. वर येणाऱ्या या पाण्यात प्राणवायू कमी असतो, ही त्याची दुसरी बाजू.

1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नवा हंगाम मानण्याची रीत त्याहून जुनी आहे. रापण ही इथली जुनी सामुदायिक पद्धत. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. थवा किनाऱ्याजवळ आला तरच रापण लागते. बाहेरच्या समुद्रात पर्ससीन जाळ्याने आख्खा थवा घेरला किंवा एलईडी दिव्यांच्या झोताने मासळी एका जागी ओढली, तर किनाऱ्यावर दोर रिकामा येतो. पर्ससीनवर राज्याने फेब्रुवारी 2016 मध्ये निर्बंध घातले, तर प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी आणली. तरीही पारंपरिक मच्छीमार आणि परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर यांचा संघर्ष मिटलेला नाही. अभयारण्यालाही मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला. आपल्याच समुद्रात मज्जाव होईल ही त्यांची धास्ती निराधार म्हणता येत नाही.

पर्यटनाचा भार मात्र नेमका गाभा क्षेत्रावरच पडतो. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांची वाट त्यातूनच आहे, आणि स्नॉर्केलिंगही किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात चालते. दमलेला पर्यटक टेकण्यासाठी पाय ठेवतो तो बऱ्याचदा प्रवाळावर. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर वाढणारी वसाहत एका नांगराने तुटते. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकण्याची हौसही आहे; त्याने त्यांची चरण्याची सवय मोडते. शिवाय समुद्र तापला की प्रवाळ आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. हिंदी महासागरात 1998, 2010 आणि 2016 मध्ये असे मोठ्या प्रमाणावर घडले.

दक्षिणेला देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. नदी वाळू आणते, लाटा ती किनाऱ्यावर पसरतात. खाडीतला वाळूउपसा वाढला की हा पुरवठा तुटतो. धूपप्रतिबंधक बंधारा घातलेल्या जागेचा बचाव होतो, पण त्यावर आपटून परतणारी लाट शेजारची वाळू खरवडते. मे 2021 मधल्या तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्याला मोठा तडाखा दिला.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने जिल्ह्यात सागरी जैवविविधतेचा प्रकल्प राबवला गेला. लहान मासळी निसटावी म्हणून ट्रॉल जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसाचा भाग लावणे, कालवे व खेकडे यांचे पालन, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाची कांदळवन सफर ही कामे त्यातून उभी राहिली. लोकांच्या हाती चार पैसे देणारे संरक्षण इथे रुजते, नुसत्या अधिसूचनेचे नाही. गाभा क्षेत्रात नांगर टाकण्यावर बंदी घालून होड्या बांधायला कायमचे बोये बसवणे, हा प्रवाळ वाचवण्याचा सर्वांत स्वस्त आणि तातडीचा उपाय आहे.